रिफंड जुन्या डिमांडमध्ये वळवायला निघालेत? आधी डिमांड कुठून आली ते शोधा

खान्देशात आयकराच्या रिफंडसाठी रिटर्न भरणारे लोक कमी नाहीत. महामार्गाच्या किंवा धरणाच्या भूसंपादनाचा मोबदला घेताना टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून घेतात तो कर, कापला गेलेले शेतकरी, सातव्या वेतन आयोगाच्या थकबाकीवर जास्तीचा कर कापला गेलेले जिल्हा परिषदेचे शिक्षक, भुसावळचे रेल्वे पेन्शनर, जिनिंगमधले मुनीम. यातल्या अनेकांना रिफंडऐवजी एक ईमेल येतो: तुमच्या नावावर अमुक वर्षाची अमुक रुपयांची मागणी (म्हणजेच डिमांड) बाकी आहे, ती या रिफंडमधून आयकर कायद्याच्या कलम २४५ प्रमाणे वळती करण्याचा प्रस्ताव आहे.

असा ईमेल आला की एक तर लोक तो वाचतच नाहीत, नाही तर सायबर कॅफेत बसलेल्या पोराला सांगून ‘मान्य’ करून टाकतात, म्हणजे कटकट मिटेल. दोन्हीकडे नुकसान तुमचंच. यातल्या कितीतरी मागण्या मुळातच चुकीच्या असतात आणि त्या खोडून काढण्याची रीत ठरलेली आहे. पण नुसतं ‘मला मान्य नाही’ म्हणून भागत नाही. ही पोस्ट त्यासाठीच आहे.

कलम २४५ विभागाला रिफंड जुन्या बाकीत वळवण्याचा अधिकार देतं, पण आधी लेखी कळवण्याच्या अटीवर. न कळवता वळती केली तर ती कायद्यात बसत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ साली या विषयात स्वतःहून दखल घेतली, तेव्हा करदात्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय रिफंड वळवू नका, असं विभागाला बजावलं होतं. दुसरं म्हणजे ज्याचा रिफंड, त्याचीच बाकी असायला हवी. एकत्र कुटुंबाच्या म्हणजे एचयूएफच्या पॅनवरची डिमांड कर्त्याच्या वैयक्तिक रिफंडमधून घेता येत नाही, भागीदारी फर्मची भागीदाराच्या रिफंडमधून घेता येत नाही, आणि वारलेल्या वडिलांच्या पॅनवरची मुलाच्या रिफंडमधून घेता येत नाही. वडिलांच्या बाकीसाठी वारसाची जबाबदारी आहे, पण ती वारशात आलेल्या मालमत्तेपुरती, आणि ती वसूल करण्याचा मार्ग वेगळा आहे.

आता कामाला लागू.

ईमेलमधली लिंक दाबू नका. अशाच ईमेलच्या नकला करून बँकेची माहिती काढणारे भामटे आहेत. आयकराच्या ई-फायलिंग पोर्टलवर स्वतः लॉगिन करा आणि ‘पेंडिंग अ‍ॅक्शन्स’ मध्ये ‘रिस्पॉन्स टू आउटस्टँडिंग डिमांड’ उघडा. खरी डिमांड असेल तर तिथे दिसतेच. त्या ओळीतून चार गोष्टी वहीत उतरवून घ्या: कर निर्धारण वर्ष (उत्पन्नाच्या वर्षापुढचं वर्ष), डिमांड रेफरन्स नंबर, डिमांड कुणी चढवली (रिटर्न तपासणाऱ्या बंगळूरच्या केंद्राने म्हणजे सीपीसीने की स्थानिक अधिकाऱ्याने), आणि दुरुस्तीचा अधिकार कुणाकडे आहे. शेवटची गोष्ट लोक सर्रास सोडतात. अधिकार स्थानिक अधिकाऱ्याकडे असेल तर सीपीसीकडे केलेला अर्ज वाया जातो, आणि तो वाया गेला हे कळेपर्यंत मुदत संपलेली असते.

मुदत पत्रावरच असते. सध्या ती सहसा २१ दिवसांची असते, जुन्या पत्रांवर ३० दिवस दिसतील. त्या काळात उत्तर गेलं नाही तर मागणी तुम्हाला मान्य आहे असं धरून रिफंड वळवला जातो.

पोर्टलवर ढोबळ दोन पर्याय येतात: डिमांड बरोबर आहे, किंवा डिमांड पूर्णतः वा अंशतः मान्य नाही. पहिला पर्याय एकदा सबमिट केला की मागे फिरता येत नाही, नंतर ‘मान्य नाही’ म्हणता येत नाही. म्हणून खातरजमा झाल्याशिवाय त्याला हात लावू नका. दुसरा पर्याय घेतला की कारण विचारतात: पैसे भरले आहेत आणि चलनाचा क्रमांक आहे, दुरुस्तीने किंवा अपिलाने मागणी कमी झाली आहे, अपील चालू आहे, स्थगिती मिळाली आहे, रेक्टिफिकेशन (दुरुस्तीचा अर्ज) किंवा सुधारित रिटर्न दाखल आहे, इतर. प्रत्येक कारणापुढे रक्कम टाकायची असते, आणि या रकमांची बेरीज वादातल्या रकमेएवढी यायला हवी. चलन भरलं असेल तर बँक शाखेच्या बीएसआर कोडचे सात आकडे, तारीख, पाच आकडी चलन क्रमांक आणि रक्कम, हे सगळं चलनावरून जसंच्या तसं टाका. एक आकडा चुकला तरी सिस्टीमला चलन सापडत नाही.

‘मान्य नाही’ सबमिट केलं की बहुतेक जण सुटकेचा श्वास घेतात. खरं काम इथून पुढे आहे. असहमती नोंदवल्याने वळती थांबते, मागणी मिटत नाही. ती सीपीसीच्या खात्यात तशीच पडून राहते आणि पुढच्या वर्षी रिफंड निघाला की पुन्हा तोच ईमेल येतो. मागणी जिथे जन्मली तिथे जाऊन दुरुस्त केल्याशिवाय ती जात नाही. त्यासाठी ती का जन्मली हे आधी कळायला हवं.

ते कळतं कलम १४३(१) च्या इंटिमेशनवरून, म्हणजे रिटर्न तपासून विभागाने पाठवलेल्या पत्रावरून. त्या वर्षाची पीडीएफ पोर्टलवरून उतरवा. पासवर्ड म्हणजे तुमचा पॅन लहान अक्षरांत आणि लगेच जन्मतारीख, दिवस-महिना-वर्ष असे आठ आकडे. आत एक लांबलचक तक्ता असतो. त्यात दोन रकाने: एक तुम्ही रिटर्नमध्ये दिलेल्या आकड्यांचा, दुसरा विभागाने काढलेल्या आकड्यांचा. वरून एकेक ओळ वाचत या. दोन्ही आकडे जुळत असतील तर पुढे चला. पहिल्यांदा जिथे आकडा वेगळा दिसेल तिथे थांबा. तुमच्या डिमांडचं मूळ जवळजवळ नेहमी त्याच ओळीत असतं. त्याखालच्या ओळी त्या एका फरकामुळे बदललेल्या असतात, त्यांच्यात अडकू नका.

फरक टीडीएसच्या ओळीत असेल, आणि आपल्याकडे तो बहुधा तिथेच असतो, तर फॉर्म २६एएस, म्हणजे तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराची सरकारी नोंद, शेजारी ठेवा. कापलेला कर २६एएसमध्ये नसेल तर सीपीसी त्याचं श्रेय देत नाही. कापणाऱ्याने पैसे भरले पण विवरणात तुमच्या पॅनचं एखादं अक्षर चुकवलं, तर ती रक्कम दुसऱ्याच कुणाच्या पॅनवर गेलेली असते. यावर उपाय एकच: कापणाऱ्याने, म्हणजे तुमची शाळा, जिनिंग, बँक किंवा भूसंपादनाचं कार्यालय यांनी, ट्रेसेस या टीडीएसच्या सरकारी पोर्टलवर दुरुस्ती विवरण भरायचं. त्यांच्याकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि अर्जात कपातीची तारीख, रक्कम, तुमचा बरोबर पॅन आणि त्यांचा टॅन (कर कापणाऱ्याचा क्रमांक) लिहा. २६एएसमध्ये रक्कम दिसू लागली की मग पोर्टलवर ‘रेक्टिफिकेशन’ मध्ये जाऊन ‘टॅक्स क्रेडिट मिसमॅच’ किंवा ‘रिप्रोसेस’ ची विनंती टाका. २६एएस दुरुस्त होण्याआधी ही विनंती टाकली तर सीपीसी पुन्हा तेच गणित करून तीच डिमांड परत पाठवतं.

कापणाऱ्याने कर कापला पण सरकारला भरलाच नाही, अशीही उदाहरणं आहेत, विशेषतः बंद पडलेल्या किंवा डबघाईला आलेल्या संस्थांमध्ये. इथे कायदा पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे. कलम २०५ सांगतं की कर कापला गेला असेल तर त्या रकमेपुरती मागणी कर्मचाऱ्याकडे करता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये हेच सांगितलं. सीबीडीटीने, म्हणजे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने, १ जून २०१५ आणि ११ मार्च २०१६ रोजी अधिकाऱ्यांना लेखी सूचना दिल्या आहेत की अशा प्रकरणांत सक्तीची वसुली करू नये. रिफंडमधून वळती करणं हीसुद्धा आडमार्गाने केलेली वसुलीच, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटलं आहे. हे सगळं सीपीसीच्या संगणकाला मात्र दिसत नाही. त्यामुळे अर्ज स्थानिक अधिकाऱ्याकडे करायचा आणि पुरावा जोडायचा: पगारपत्रकं, फॉर्म १६ (टीडीएसचा दाखला) मिळाला असेल तर तो, आणि बँकेचं स्टेटमेंट, ज्यात करवजा पगार जमा झालेला दिसतो. पगारपत्रकावरचा ढोबळ पगार उणे टीडीएस आणि इतर कपाती बरोबर खात्यात जमा रक्कम, हे महिन्यावार एका कागदावर मांडून दिलं तर अधिकाऱ्याला निर्णय घेणं सोपं जातं.

भूसंपादनाबद्दल सविस्तर लिहावंच लागेल, कारण तिथे चूक बहुतेक वेळा एकाच जागी होते. शेतजमिनीच्या सक्तीच्या संपादनाच्या मोबदल्यावर कलम १९४एलए प्रमाणे टीडीएस कापायचाच नसतो, तसं त्या कलमात स्पष्ट लिहिलं आहे. तरी कधी बिनशेती नोंदीमुळे, कधी खबरदारी म्हणून कर कापला जातो. वाढीव मोबदल्यावरच्या व्याजाचं गणित वेगळं आहे. ते व्याज मिळालेल्या वर्षीच उत्पन्न धरलं जातं, त्यातले ५० टक्के वजावट मिळतात, आणि त्यावर टीडीएस कापला जातो.

आता समजा सात-बारावर तीन भावांची नावं आहेत, वाढीव मोबदल्यावर ९,००,००० रुपये व्याज आलं आणि सगळे कागद थोरल्या भावाच्या नावाने गेले. ९०,००० रुपये टीडीएस त्याच्याच पॅनवर जमा झाला. पैसे तिघांत सारखे वाटले गेले. धाकटे दोघे आपापल्या रिटर्नमध्ये ३,००,००० व्याज दाखवतात आणि ३०,००० टीडीएस मागतात. त्यांच्या २६एएसमध्ये काहीच नाही, म्हणून श्रेय नाकारलं जातं आणि दोघांवर डिमांड निघते. थोरल्याच्या बाजूला उलटं: सरकारी नोंदीत त्याचं व्याज ९ लाख, रिटर्नमध्ये ३ लाख, म्हणून त्याला वेगळी विचारणा येते. नियम ३७बीए(२) यासाठीच आहे. थोरल्याने टीडीएस कापणाऱ्या कार्यालयाला घोषणापत्र द्यायचं की हे उत्पन्न अमुक अमुक भावांचं आहे, त्यांचे पॅन आणि हिस्से असे, म्हणजे कार्यालय टीडीएस त्या त्या पॅनवर दाखवतं. हे कपातीआधी दिलं तर सर्वांत उत्तम, नंतर दिलं तर दुरुस्ती विवरणाने होतं. रिटर्नमध्येही आयटीआर-२ किंवा ३ च्या टीडीएसच्या तक्त्यात ‘स्वतः’ की ‘दुसरी व्यक्ती’ असा रकाना असतो. धाकट्यांनी तिथे ‘दुसरी व्यक्ती’ निवडून थोरल्याचा पॅन टाकायचा, आणि थोरल्याने आपल्या बाजूला ६०,००० दुसऱ्यांच्या नावे सोडल्याचं दाखवायचं. हे दोन रकाने भरले नाहीत म्हणून अडकलेले रिफंड बरेच असतात.

शिक्षकांच्या बाबतीत फरक बहुधा कलम ८९ च्या सवलतीच्या ओळीत दिसतो. थकबाकीवरची ही सवलत हवी असेल तर फॉर्म १०ई पोर्टलवर भरावाच लागतो, आणि तोही रिटर्नच्या आधी. मुख्याध्यापकांनी फॉर्म १६ मध्ये सवलत दिली म्हणून १०ई ची गरज नाही, हा समज चुकीचा आहे. राहून गेला असेल तर त्याच कर निर्धारण वर्षाचा १०ई आता भरा आणि मग रेक्टिफिकेशन टाका. उशिराचा १०ई सीपीसी नेहमी स्वीकारेल असं नाही, त्यामुळे अपिलाची मुदत डोळ्यासमोर ठेवा. धंद्याचं उत्पन्न असलेल्यांनी जुनी करपद्धत निवडताना फॉर्म १०-आयईए मुदतीत भरला नाही तर सगळ्या वजावटी उडून अशीच मोठी डिमांड निघते. तिथे मात्र रेक्टिफिकेशनने फारसं काही होत नाही.

चलनाच्या चुका सोप्या असतात. कर भरला पण कर निर्धारण वर्ष चुकीचं टाकलं, किंवा डिमांड भरताना ‘४०० रेग्युलर असेसमेंट’ ऐवजी ‘३०० सेल्फ असेसमेंट’ निवडलं. भरल्यानंतरच्या थोड्या दिवसांत पोर्टलवरच चलन दुरुस्ती करता येते, ती मुदत गेली की अधिकाऱ्याकडे अर्ज.

सर्वांत चिवट असतात जुन्या, हाताने चढवलेल्या डिमांड. त्यांचा आदेश पोर्टलवर नसतो, तुमच्याकडे नसतो, आणि कधी कधी कार्यालयातही सापडत नाही. २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पानंतर सीबीडीटीने १३ फेब्रुवारी २०२४ च्या आदेशाने छोट्या मागण्या माफ केल्या: कर निर्धारण वर्ष २०१०-११ पर्यंतची प्रत्येक २५,००० पर्यंतची आणि २०११-१२ ते २०१५-१६ ची प्रत्येक १०,००० पर्यंतची, एका करदात्याला एकूण १ लाखाच्या मर्यादेत. तुमची मागणी यात बसत असूनही चालू दिसत असेल तर उत्तरात या आदेशाचा उल्लेख करा. टीडीएस कापणाऱ्यांवरच्या मागण्यांना ही माफी नाही.

आपल्या भागातली आणखी एक अडचण म्हणजे अधिकारक्षेत्र. सुरतेला किंवा पुण्याला नोकरी करून शहादा, शिरपूर, अमळनेरला परत आलेल्यांचा पॅन अजून तिथल्याच अधिकाऱ्याकडे असतो. जळगाव किंवा धुळ्याच्या आयकर कार्यालयात अर्ज दिला तर तो तिथे निकाली निघू शकत नाही. पोर्टलवर ‘नो युवर एओ’ मध्ये पॅन टाकून आधी अधिकारी पाहा. पत्ता बदलला म्हणून पॅन आपोआप बदली होत नाही, त्यासाठी वेगळा अर्ज लागतो. घाई असेल तर जुन्याच अधिकाऱ्याकडे पोर्टलवरून आणि रजिस्टर पोस्टाने अर्ज पाठवा.

अर्जात काय लिहायचं? मोठमोठे परिच्छेद नकोत. साधारण असं चालतं: ‘कर निर्धारण वर्ष अमुक, डिमांड रेफरन्स नंबर अमुक. रिटर्नमध्ये टीडीएस १४,००० दाखवला, इंटिमेशनमध्ये ० धरला. रक्कम फॉर्म १६ भाग अ मध्ये आहे, कापणाऱ्याने दुरुस्ती विवरण भरले असून आजच्या २६एएसमध्ये ती दिसते. कलम १५४ प्रमाणे दुरुस्ती करून मागणी शून्य करावी.’ खाली जोडपत्रांची यादी. कलम १५४ च्या दुरुस्तीला मुदत आहे: आदेश ज्या आर्थिक वर्षात निघाला ते संपल्यापासून चार वर्षं. आणि करदात्याचा अर्ज मिळाल्याच्या महिन्याच्या अखेरीपासून सहा महिन्यांत निर्णय देणं अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. हे वाक्य स्मरणपत्रात जरूर लिहा, त्याने फाइल हलते. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू होऊन कलमांचे क्रमांक बदलले, तरी आधीच्या वर्षांच्या मागण्या १९६१ च्या कायद्यानेच चालतात, म्हणून अर्जात जुनी कलमंच लिहा.

वेळ का घालवू नये ते व्याजावरून कळेल. न भरलेल्या मागणीवर कलम २२०(२) प्रमाणे महिन्याला, किंवा महिन्याच्या भागालाही, १ टक्का सरळ व्याज चढतं. समजा कर निर्धारण वर्ष २०१६-१७ ची २२,३४० ची मागणी आहे, म्हणजे २०२४ च्या माफीत बसत नाही, आणि भरण्याची मुदत एप्रिल २०१७ अखेर संपली. व्याजासाठी रक्कम शंभरात खाली आणून २२,३०० धरतात, म्हणजे महिन्याला २२३. ऑक्टोबर २०२५ पर्यंत १०२ महिने होतात. व्याजच २२,७४६ झालं, मुद्दलापेक्षा जास्त. मूळ मागणी दुरुस्तीने कमी झाली की व्याजही त्या प्रमाणात उतरतं. मागणी खरी निघाली आणि अडचण खरोखर हाताबाहेरची होती, तर कलम २२०(२ए) खाली व्याजमाफीचा अर्ज वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे करता येतो.

वाद कायद्याच्या अर्थाचा असेल तर रेक्टिफिकेशन चालत नाही, अपील करावं लागतं. फॉर्म ३५, ३० दिवसांची मुदत, आणि फी उत्पन्नाप्रमाणे २५० ते १,००० रुपये. त्याबरोबर कलम २२०(६) खाली स्थगितीचा अर्ज द्या. ३१ जुलै २०१७ च्या सूचनेप्रमाणे सर्वसाधारणपणे वादातल्या रकमेच्या २० टक्के भरल्यावर पहिल्या अपिलाचा निकाल लागेपर्यंत वसुली थांबते. स्थगितीचा आदेश लगेच पोर्टलवरच्या उत्तरात जोडा, नाहीतर सीपीसी उरलेल्या ८० टक्क्यांसाठी तुमचा रिफंड वळवून मोकळं होतं.

रिफंड आधीच वळवला गेला असेल तरी रस्ता बंद नाही. पोर्टलच्या ‘ग्रिव्हन्सेस’ मध्ये तक्रार टाका, पूर्वसूचना मिळाली नव्हती तर तेच पहिल्या ओळीत लिहा, आणि १८०० १०३ ००२५ वर फोन करून तक्रार क्रमांक सांगा. रेक्टिफिकेशन समांतर चालू ठेवा. मागणी कमी झाल्याचा आदेश आला की वळवलेली रक्कम परत मिळते, आणि कलम २४४ए प्रमाणे महिन्याला अर्धा टक्का व्याजही मिळू शकतं. बँक खातं पोर्टलवर व्हॅलिडेट केलेलं आणि पॅन आधारला जोडलेला आहे ना ते त्याआधी पाहून घ्या, नाहीतर मंजूर झालेला रिफंडही परत जातो. रिफंडवर मिळालेलं हे व्याज करपात्र आहे, पोर्टलवरच्या एआयएस (वार्षिक माहिती विवरण) मध्ये दिसतं. ज्या वर्षी मिळालं त्या वर्षीच्या रिटर्नमध्ये ‘इतर उत्पन्न’ म्हणून दाखवा.